आपली बाजू वर

पत्रकं वाटताना आप्पांचा एकच नियम असायचा: आपली बाजू वर. कारण आमच्या पत्रकांना दोन बाजू असायच्या. भूकंपानंतर आप्पा, म्हणजे माझे वडील, किल्लारीकडच्या गावांत पुनर्वसनासाठी भांडत फिरायचे, आणि कागद विकत घेणं त्यांना परवडत नसे. लातूरच्या छापखान्यात मात्र क्लासच्या जाहिराती ढिगाने वाया जायच्या. कधी फोन नंबर चुकलेला, कधी गुणवंताच्या फोटोखाली भलत्याचंच नाव. छापखानेवाला आप्पांचा मित्र. त्या वाया गेलेल्या कागदांच्या कोऱ्या पाठीवर आप्पांची पत्रकं निघायची. एकीकडे बोर्डात आलेला हसरा मुलगा, दुसरीकडे पत्र्याच्या शेडमधली विधवा, जिच्या नावावर नवं घर होत नव्हतं. मी अक्षरं शिकले ती या पत्रकांवर. आठवडी बाजारात उभी राहून ती वाटलीही, आपली बाजू वर धरून.

आप्पांकडे शेवटी प्रत्येक पत्रकाची एकेक प्रत उरली होती. विद्यापीठाच्या ग्रंथालयाने भूकंपाचा डिजिटल संग्रह करायला घेतला, तेव्हा ती सगळी त्यांनी देऊन टाकली. मी तिथेच, नांदेडला खोली करून राहत होते, त्याच पत्रकांवर पीएचडी करत होते. "घरात उंदरं खातेत," आप्पा म्हणाले, "तिथं कुनीबी वाचंल."

संग्रहाचं उद्घाटन झालं. फीत, शाल, नारळ, तीन तास भाषणं. आम्हा संशोधकांना नव्या डेटाबेसचे पासवर्ड मिळाले. मी 'किल्लारी' शोधलं, तर भूगर्भशास्त्राचे इंग्रजी लेख आले, त्यातले निम्मे कुलूपबंद. मग आमच्या संग्रहात गेले. आप्पांच्या नावाखाली पानंच पानं उघडली. पहिल्यावर भौतिकशास्त्राच्या गुणांची हमी. दुसऱ्यावर मुलींची स्वतंत्र बॅच, वसतिगृहाची सोय. तिसऱ्यावर तो हसरा मुलगा. शेवटपर्यंत गेले. भूकंपाच्या संग्रहात आप्पांच्या नावाने फक्त क्लासच्या जाहिराती होत्या.

स्कॅनिंगचं काम ठेक्याने दिलेलं. ठेकेदाराचा माणूस यंत्राशीच बसला होता.

"ताई, आम्ही फ्रंट साइड घेतली. रंगीत बाजू म्हणजे फ्रंट."

"आणि मागची?"

"मागं फिकट होतं. कुणीतरी रफ काम केलंय वाटलं."

मी ग्रंथपालांकडे गेले. त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. "नोंद आहे, फोटो आहे. अजून काय पाहिजे?"

"सर, मूळ कागद?"

"स्कॅन झालं की निर्लेखन." म्हणजे रद्दी. गठ्ठे जिन्याखाली बांधून ठेवले होते आणि सोमवारी रद्दीवाला येणार होता.

"मग मी घेऊन जाते."

"असं कसं देता येईल? विद्यापीठाची मालमत्ता आहे ती."

रद्दीवाल्याला देता येत होती, ज्यांनी दिली त्यांच्या मुलीला नाही. हे मी त्यांना दोनदा बोलून दाखवलं. ते म्हणाले, ऑनलाइन तक्रार करा. तिथे तक्रारीचा प्रकार निवडायचा होता: पासवर्ड, इंटरनेट, पंखा, पिण्याचं पाणी. माझा प्रकार त्यांच्याकडे नव्हता.

आप्पांना फोन केला. ते आधी हसले. "म्हंजी क्लासवाले तिथंबी पुढच्या बाकावर बसले म्हन."

"हसू नका, आप्पा. सोमवारी सगळं रद्दीत चाललंय."

 मग म्हणाले, "त्या बायांनी शेडात बसून सांगितलं तसं लिवलं होतं, माय. त्यातल्या लई जनी आता न्हाईत. पुन्हा कुनाला इचारू?" आणि विचारलं, "तू काय करायलीस?"

"संतापायले."

"त्यानं काय हुतंय? लिव्ह की."

लिहिलं, संग्रहात काय दिसतंय आणि सोमवारी रद्दीत काय चाललंय ते. फाटकाबाहेरच्या झेरॉक्सवाल्याकडे एका बाजूला छापलेले कागद मागितले. नांदेडात त्यांना काय तोटा. नीट, पोलीस भरती, तलाठी, हवी ती जाहिरात मिळाली, आणि तिच्या कोऱ्या पाठीवर माझं पत्रक निघालं. सोमवारी सकाळी ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर उभी राहिले. अभ्यासिकेतली पोरं पत्रक घेत होती, वाचत होती. एकाने आत जाता जाता विचारलं, "ताई, ही बॅच कधी चालू होतेय?" मी त्याला हाक मारून परत बोलावलं आणि सगळं पत्रक वाचायला लावलं.

ग्रंथपाल स्कूटरवरून उतरले. त्यांच्या हातात मी कागद दिला, आयुष्यात पहिल्यांदाच, जाहिरातीची बाजू वर धरून.

"आवारात जाहिराती वाटायला बंदी आहे," ते म्हणाले आणि कागद चुरगळून कचऱ्याच्या डब्याकडे वळले.

"सर, उलटा."

त्यांनी चुरगळलेला कागद उघडला, उलटला. डोक्यावर हेल्मेट तसंच ठेवून, उभ्याने, शेवटपर्यंत वाचला.

"हे आत येऊन बोलता आलं असतं."

"आले होते, सर."

त्या दिवशी रद्दीवाला आमचे गठ्ठे न घेता गेला. ते आता एका कपाटात आहेत. दुसरी बाजू स्कॅन करायला नवी निविदा काढावी लागेल म्हणतात; ती अजून निघालेली नाही. तोवर मीच कपाट उघडून घेते आणि मोबाइलवर एकेका पत्रकाचा फोटो काढते. दर वेळी वरचा गठ्ठा रंगीत बाजू वर करून ठेवलेला असतो. जाताना मी तो उलटून ठेवते.