पूजेला थांबलेला पाना

आमच्या घरात बाप आणि मुलगा माझ्या तोंडून बोलत. समोरासमोर बसलेले असले तरी. हे म्हणायचे, "त्याला म्हणावं पंखा बंद कर." पंख्याचं बटण मुलाच्या डोक्यावरच असायचं. मुलगा म्हणायचा, "आई, दादांना सांग, मला गरम होतंय." मी भाजी निवडत असायची. मी काही सांगायच्या आधीच दोघांना कळलेलं असायचं. भांडण असं झालं नव्हतं. मुलाला मिशी फुटली आणि बोलणं आटलं, एवढंच. गावाकडे आमच्या पुष्कळ घरांत असंच असे. माझे सासरे माझ्या नवऱ्याशी सरळ कधी बोललेले मी ऐकले नाहीत.

हे ओझरला विमानाच्या कारखान्यात फिटर होते. रिटायर होऊन घरी बसले तेव्हा आम्ही सिडकोत राहत होतो. मुलगा अंबडच्या एका कंपनीत ठेकेदाराकडून लागलेला. काही महिने काम, मग ब्रेक, मग पुन्हा तेच. ह्यांचं म्हणणं, चिकटून राहा, आज ना उद्या कायम करतील. मुलाचा जीव तिथे नव्हता. त्याला गाड्या हव्या होत्या. त्या वर्षांत नाशकाच्या आसपास कच्च्या रस्त्यांवर गाड्यांच्या शर्यती होत, आणि त्या गाड्या तयार करणारा एक गॅरेजवाला शहरात होता. मुलगा त्याच्या दारात जाऊन उभा राहायचा. हाकललं तरी पुन्हा जायचा. शेवटी तो माणूस म्हणाला, "तुझ्या गाडीला घरी हेडर बसव. माझा कोणी मदतीला येणार नाही. दसऱ्याला सकाळी गाडी घेऊन ये. कुठे गळत नसेल तर त्याच दिवशी कामाला लाग."

दसऱ्याच्या पूजेलाच तो नवीन माणूस घ्यायचा. त्या सकाळी गेला नाही तर दुसरा कोणी लागणार, हे मुलाला माहीत होतं. तो माझ्याकडे येऊन म्हणाला, "आई, हे झालं तर मी पुन्हा त्या कंपनीचं तोंड बघणार नाही." एवढं लांब वाक्य तो सहसा बोलत नसे.

गाडी शर्यतीत आपटलेली, लहान, जुनी, त्यानं भंगाराच्या भावात घेतलेली. त्यानंच ठोकून सरळ केलेली. हेडर म्हणजे इंजिनातला धूर बाहेर नेणाऱ्या नळ्या. मूळच्या गाडीला तिथे बिडाचा एक जड, ओबडधोबड तुकडा असतो. तो काढून वाकवलेल्या चार नळ्या लावायच्या, पुढे जाऊन एक होणाऱ्या. मुलगा म्हणाला, धूर मोकळा गेला की इंजिनाची छाती मोकळी होते. मला त्या नळ्या बोकडाच्या आतड्यांसारख्या दिसल्या. तसं मी म्हटलंही. तो हसला नाही.

जुना तुकडा ज्या स्टडवर, म्हणजे इंजिनातून बाहेर आलेल्या आट्यांच्या दांड्यांवर, बसलेला होता ते गंजून लाल झाले होते. त्यानं आदल्या दिवसापासून त्यांवर माझ्या स्टोव्हचं रॉकेल टाकलं. मी ओरडले, रेशनचं आहे. तो म्हणाला, "आधी त्याला गंज खाऊ दे, मग तू मला खा." खंडेनवमीच्या सकाळी उजाडायच्या आत तो गाडीखाली शिरला. पाने सगळे ह्यांचे. मुलाकडे स्वतःचा एक पाना नव्हता. मला विचारून घ्यायचा, म्हणजे ह्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं मला विचारायचा.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. विळे, कोयते गावाकडे राहिले, पण ह्यांनी आपल्या पेटीतल्या हत्यारांची पूजा कधी चुकवली नाही. पाने, कानस, हातोडी, सगळं धुऊन पुसून पाटावर मांडायचं, हळद-कुंकू, झेंडूची फुलं, नैवेद्य. एकदा पूजेत बसलं की दसऱ्याची उत्तरपूजा होईपर्यंत हात लावायचा नाही. वर्षभर राबतात, एक दिवस त्यांना विसावा. शेजाऱ्यांकडेही तेच, त्यामुळे मागून आणायचीही सोय नाही.

जुना तुकडा निघाला. नवीन पॅकिंग लावलं, नळ्या खालून वर घातल्या, नट बसले. मुलानं गाडी सुरू केली तेव्हा गल्ली हादरली. नव्या नळ्यांवरचं तेल जळून पांढरा धूर आला. शेजारीण नाकाला पदर लावून फाटकाशी आली. "काय हो मावशी, बापानं ओझरला विमानं बनवली, पोरगा दारातूनच उडवतोय का?"

"बस त्याच्यात," मी म्हटलं, "सोडतो तुला माहेरी."

मुलगा गाडीवर वाकून एका कोपऱ्याला कान लावून बसला. मग गाडी बंद केली. तिथे बारीक फुसफुस येत होती. पहिल्यांदा तापल्यावर नट सैल पडतात, पुन्हा कसावे लागतात, हे त्याला कोणीतरी सांगितलेलं होतं.

हे आंघोळ करून सोवळं नेसून पाटासमोर बसलेले. पाटावर सगळी हत्यारं ओळीनं मांडलेली, मध्ये एक जागा रिकामी. गोटी पान्याची. तो मुलाच्या हातात होता.

"विचार त्याला, पाना मिळणार आहे का?"

"आई, सांग त्यांना, पाच मिनिटं."

"नैवेद्य गार होतोय म्हणावं."

"आई, नट कसले नाहीत तर उद्या तिथे जाऊन काय दाखवू?"

"मग लवकर कर म्हणावं. देव काय ह्याच्या नोकरीसाठी थांबून राहील?"

मी उंबऱ्यावर उभी होते. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. नळ्यांचा रंग बदलून सोनेरी-निळा झालेला, जवळ गेलं तरी तोंडाला धग लागत होती. मुलानं पाना घातला. हे बसल्या जागेवरून बघत होते, मान तिरकी करून. त्यांची नजर मुलाच्या हातावर होती.

टक् असा आवाज आला. फार मोठा नाही. स्टड तुटला आणि पाना सुटून मुलाचा उजवा पंजा उघडाच त्या नळीवर जाऊन पडला. क्षणभर तो तिथेच राहिला. फोडणीत भाजी पडावी तसा आवाज झाला. मी त्याला ओढून नळाखाली नेलं. तळव्याची कातडी तिकडेच राहिली होती. तो दात आवळून उभा राहिला.

मागे वळून पाहिलं तर हे अंगणात उतरले होते. त्यांनी खाली पडलेला पाना उचलला, पंच्यानं पुसला, आत नेऊन रिकाम्या जागी ठेवला आणि पूजेला सुरुवात केली. घंटा वाजत होती आणि मी मुलाचा हात पाण्याखाली धरून उभी.

दसऱ्याला सकाळी तो हाताला पट्टी बांधून डाव्या हातानंच कशीबशी गाडी घेऊन गेला. मी जाऊ नको म्हटलं. तुटलेल्या कोपऱ्यातून धूर फटफटत होता, फाटक्या पत्र्यावर पाऊस पडावा तसा. दुपारच्या आत परत आला. गाडी दारात लावली आणि ओट्यावर बसला.

"काय म्हणाला?"

"फाटकातच थांबवलं. बॉनेट उघडायलाही नाही सांगितलं. म्हणाला, गरम असताना नट कसलेस ना?"

"मग?"

"म्हणाला, घरात सांगणारं कोणी नव्हतं का? तुझे वडील तर ओझरला फिटर होते म्हणालास."

"तू काय बोललास?"

"काय बोलू? दुसरा माणूस आधीच तिथे उभा होता. त्याच्या कपाळाला टिळा लावलेला."

मी आत गेले. हे आपट्याची पानं निवडत बसलेले. मी त्यांना सरळ विचारलं, गरम स्टडला पाना लावतात का?

"नाही," हे म्हणाले. "पहिल्या वर्षी शिकवतात. गार होऊ द्यायचं असतं."

"तुम्ही बघत होता."

"त्यानं विचारलं नाही."

"मी मध्ये उभी होते. मला सांगायचं."

"तुला काय कळणार त्यातलं?"

"कळायची गरज काय होती? आजवर मी कळून निरोप देत होते का?"

ते पानं निवडत राहिले. एक पान बाजूला टाकून म्हणाले, "कंपनीत कायम होईल तो. बरंच झालं."

बरं काही झालं नाही. तळवा आखडत गेला. दोन बोटं आत वळली ती सरळ होईनात. ब्रेकनंतर ठेकेदारानं त्याला पुन्हा घेतलंच नाही, पाना धरता न येणारा माणूस त्याला कशाला हवा. गाडी दारात उभी राहून सडली. काही वर्षांनी भंगारवाल्यानं ढकलत नेली. मुलाला ओळखीनं विंचूरला कांद्याच्या बाजारात काम मिळालं. वजनकाट्यावर बसायचं, डाव्या हातानं पावत्या फाडायच्या. लग्न झालं, सून आली. ती विचारी, तुमचा हात कशानं असा झाला? मुलगा सांगे, भाजला.

मी त्या दसऱ्यापासून निरोप देणं बंद केलं. दोघांना सांगितलं, मला मध्ये घालू नका, बोलायचं असेल तर बोला. त्यांना वाटलं चार दिवसांचा राग आहे. एकदा मी आमटीत मीठ घालायला विसरले. मिठाचं भांडं मुलाच्या ताटापाशी होतं. ह्यांनी मागितलं नाही, मुलानं सरकवलं नाही; हे अळणीच जेवून उठले.

शेवटी ह्यांना छातीच्या दुखण्यानं दवाखान्यात ठेवलं. मुलगा विंचूरहून रोज यायचा आणि खोलीच्या दारात उभा राहायचा. एका संध्याकाळी ह्यांनी मला खुणेनं जवळ बोलावलं.

"त्याला विचार, हात कसा आहे."

"तो दारात उभा आहे," मी म्हटलं. "तुम्ही विचारा."

त्यांनी मान वळवून दाराकडे पाहिलं. मुलगाही त्यांच्याकडेच बघत होता, आखडलेला हात खिशात घालून. मग नर्स आली आणि भेटायची वेळ संपली म्हणून मुलाला बाहेर काढलं. दुसऱ्या दिवशी तो आला तेव्हा विचारायला हे राहिले नव्हते.