स्ट्रॉबेरीची मोळी

अन्याय झाला तो सांगलीजवळच्या एका खेड्यातल्या बाईवर, यंदा पावसाळा लागताना, एका मंगळवारी, सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी. मिनिटासकट सांगता येतं, कारण तिनं आमच्या फोरमवर टाकलेल्या उत्तराची सूचना तेव्हाच माझ्या मोबाईलवर आली. मी बोट लावलं, तर पान उघडेना. पुन्हा कधी उघडलंच नाही.

फोरम म्हणजे प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्यांची आमची मराठी जागा. ज्याचं अडलं त्यानं आपल्या भाषेत विचारायचं, ज्याला येतं त्यानं सांगायचं. साताऱ्यातून मी आणि सांगलीजवळच्या माधवनगरातून माझा मित्र, असे दोघं मिळून ती चालवायचो. "लय येळ झाला, प्रोग्रॅम थांबतच न्हाई, काय करू" असं कुणी विचारलं तर हसायचं नाही, एवढा एकच नियम.

ज्या कंपनीच्या यंत्रावर, म्हणजे सर्व्हरवर, हे सगळं होतं, तिनं जुनी यंत्रं बंद केली. आधी पत्रं पाठवली होती म्हणे. पाठवली होती, माझ्या कॉलेजच्या वेळच्या ईमेल पत्त्यावर, जो मी उघडतच नव्हतो. कंपनीच्या विरोधात मी दोन पानी पत्रक लिहिलं, छापलं, साताऱ्याच्या स्टँडवर उभं राहून वाटलं. लोकांनी त्यात शेंगा बांधल्या असतील. बरंच झालं, कारण खरी गोष्ट त्या पत्रकात नव्हती. बॅकअपची जबाबदारी माझी होती. मी दर रविवारी बॅकअप घ्यायचो आणि त्याच यंत्रावर ठेवायचो. घराची दुसरी किल्ली घरातच ठेवून बाहेरून कुलूप लावणारा माणूस मी, आणि दुसऱ्यांना बेजबाबदार म्हणत स्टँडवर उभा होतो.

ती बाई ऊसवाल्या घरातली, नवरा फौजेत. बारावीनंतर लग्न झालं, शिक्षण तिथंच थांबलं. नवऱ्यानं सुट्टीवर येताना आणलेल्या लॅपटॉपवरून ती फोरमवर आली. पहिलं वर्षभर नुसती विचारत होती, मग सांगायला लागली, आणि कुणाला कळेपर्यंत सांगत राहायची. सांगलीच्या विश्रामबागेतल्या एका संगणक संस्थेला शिकवायला कुणीतरी हवं होतं. तिथल्या मुख्य बाई तिला म्हणाल्या, "पदवी नाही ना? मग फोरमवरचं तुमचं काम समितीला दाखवा, बाकी मी बघते." समिती महिन्याभरात बसणार होती.

पान गेलं त्याच्या दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला.

"दादा, ते पान उघडंना झालंय. माझ्याच मोबाईलला हाय, का सगळ्यांच्या?"

"सगळ्यांच्या, ताई."

"मग कवा येनार?"

मी म्हणालो, येईल. यायचं नव्हतं, हे मला माहीत होतं.

नवा फोरम उभा करायला दोन दिवस पुरले. तो रिकामा होता. भरायला तीन महिने गेले आणि अजून भरतोच आहे. सगळ्या गटांवर आवाहन टाकलं की तुमच्याकडं जे काही उतरवून घेतलेलं असेल ते पाठवा. स्क्रीनशॉट आले, पेन ड्राईव्ह आले, डिप्लोमाच्या पोरांनी हातानं लिहिलेल्या जर्नलचे फोटो आले, कुणाची सावली पडलेले, कुणाचा अंगठा आलेले. ते बघून टाईप करायचं. एक कंस सुटला की सगळं बंद. तो शोधायचा, पुढचा फोटो घ्यायचा. शनिवारी साताऱ्याहून एसटीनं सांगलीला मित्राकडं, रविवारी परत. मान दुखायची, डोळे चुरचुरायचे, आणि फोनवर एकच उत्तर ऐकायचं, "आहे कुठंतरी, बघतो."

जे आलं त्यातली गोष्ट लवकरच लक्षात आली. नावं नव्हती. लोकांनी उत्तर उचललं होतं, उत्तर देणाऱ्याचं नाव तिथंच सोडलं होतं. नावानं प्रोग्रॅम चालत नाही ना.

"लग्नातल्या चपलांगत झालं हे," मित्र म्हणाला. "ढीग हाय, पन कुनाची कंची ते ठावं न्हाई."

"तू तरी निदान तुझी ओळखशील."

"मी कवा उत्तर दिलंवतं रं? मी निस्ता भांडनं सोडवायला हुतो."

मग एका शनिवारी त्याच्या खोलीवर टाईप करताना तोच थांबला. म्हणाला, "गड्या, ही मोळी चौथ्यांदा आली."

प्रोग्रॅममध्ये आकडा ठेवायला डबी असते आणि डबीला नाव द्यावं लागतं. पुस्तकात ए, बी, एक्स असली नावं असतात. ती बाई घरातली, उसाच्या कामातली नावं द्यायची, इंग्रजी अक्षरांत, पण मराठी. उसाच्या रानासारखा सगळा माल ज्यात तो फड. एकेक करून मोजायची ती मोळी. काम झालं की टाकून द्यायचं ते पाचट, म्हणजे उसाचा वाळला पाला. नवशिक्याला एक्स कळत नव्हता, पाचट मात्र लगेच कळायचं. लोकांनी तिचा कोड उतरवताना वर स्वतःचं नाव घातलं, रोल नंबर घातला, आतल्या नावांना मात्र कुणी हात लावला नव्हता. बदललं आणि बंद पडलं तर? त्या भीतीनं तिची खूण राखली होती.

आम्ही सगळा ढीग पुन्हा उपसला. मोळी असेल तो कागद बाजूला. त्यात पाचगणीच्या एका तरुणानं पाठवलेला प्रोग्रॅम निघाला, स्ट्रॉबेरीची खोकी मोजणारा. यावरच त्याला नोकरी लागली होती. मी फोन केला.

"सर, ते माझं स्वतःचं आहे."

"तुमच्याकडं स्ट्रॉबेरीची मोळी बांधतात का?"

तिकडं कीबोर्डची टकटक झाली. मग म्हणाला, "सर, तेवढं बदलायचं राहिलं."

"राहिलं ते बरं झालं. आता एवढंच लिहून द्या, की हे कुणाकडून शिकलात."

"बघतो, सर."

तो अजून बघतोच आहे.

निवडलेल्या कागदांची चळत घेऊन मी तिच्या गावी गेलो. तिनं एकेक पान उलटून बघितलं. "हे माझं हाय. हे बी. ह्यात ह्यो पाचट टाकायचं इसरलाय बगा, मी सांगितलंवतं त्याला." मग चळत नीट लावून माझ्याकडं सरकवली. "पन दादा, मोळी तर समदीच बांधत्यात. ती काय माझ्या एकटीची हाय व्हय?"

विश्रामबागेत समितीनंही हेच विचारलं, जरा शुद्ध भाषेत. "हे यांचंच, कशावरून?" मी उठून मोळी समजावली, फड समजावला. एक सदस्य हसले. दुसऱ्यांनी विचारलं, "मूळ नोंदी कुठं आहेत?" मी सांगितलं, माझ्या चुकीनं गेल्या. खोलीत सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं, ती सोडून. मग मुख्य बाईंनी मार्ग काढला. यांच्याकडून जे शिकले त्यांनी स्वतः तसं लिहून द्यावं, दिवाळीनंतर पुन्हा बसू, तोवर जागा भरणार नाही.

बाहेर रस्त्यावर ती म्हणाली, "तुमी लय दमलाय. ऱ्हाऊ द्या आता."

दमलोय हे खरं. पण टाईप करून माणूस इतका दमत नाही. ज्यांच्या नोकऱ्या तिच्या उत्तरांवर लागल्या, त्यांच्या "बघतो"नं दमतो. आजपर्यंत लिहून दिलं ते दोघांनी. एक माधवनगरातला, यंत्रमागावर काम करत शिकलेला, आणि एक कराडची मुलगी. तिनं काही न विचारता लिहिलं, "माझा पहिला प्रोग्रॅम ताईंचा होता, मी फक्त माझं नाव घातलं." एवढंच तर पाहिजे.

तेव्हा हे वाचणाऱ्यानं हळहळू नये. तुमचा जुना पेन ड्राईव्ह काढा, कॉलेजचं जर्नल काढा, कंपनीत चालू असलेला तो प्रोग्रॅम उघडा. आत कुठं मोळी, फड, पाचट दिसलं तर ते आहे तसं फोरमवर आणून ठेवा, आणि त्याच्या वर, पहिल्या ओळीत, स्वतःचं नाव घालून लिहा, "हे मी लिहिलेलं नाही, ताईंचं आहे." दिवाळीच्या आत लिहा. बघतो म्हणू नका.