लिंबाची पहिली फोड

मला हेवा वाटतो. लहानपणापासून वाटत आलाय, आणि त्यात लाजण्यासारखं काही आहे असं मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही. कुणाला दमा असतो, कुणाला पित्त असतं, मला हे आहे. शेजाऱ्याच्या सायकलला नवी घंटी बसली तरी माझं जेवण उतरायचं नाही. पण उभ्या आयुष्यात सगळ्यात जास्त जळलो तो लिंबाच्या एका फोडीवरून.

मोठा दुष्काळ मागं पडून दोन-तीन वर्षं झाली होती. मी सोलापुरातल्या एका गिरणीत बदली कामगार होतो आणि गिरणीच्या फुटबॉल टीमचा सेंटर फॉरवर्ड. सोलापूर आणि फुटबॉल म्हटलं की लोक हसतात. हसू देत. गावाला वेड कुस्तीचं आणि क्रिकेटचं, आमच्या मॅचला मैदानाच्या कडेला शेळ्या जास्त आणि माणसं कमी. मैदानावर गवताची काडी नाही, नुसता मुरूम. पडलं की गुडघा सोलून निघायचा आणि तोच गुडघा घेऊन दुसऱ्या दिवशी पाळीवर उभं राहायचं. तरी भोंगा झाला की आम्ही पहिल्या पाळीवाले घरी न जाता तडक मैदानावर जायचो, कारण तिथं अण्णा असायचे.

अण्णा साचा खात्यात, म्हणजे कापड विणायच्या मागांवर, हेड जॉबर, म्हणजे मुकादम होते आणि आमच्या टीमचे मॅनेजर. मॅनेजर, कोच, पंचांशी भांडणारा आणि चेंडूत हवा भरणारा, सगळं एकच माणूस. पोट सुटलेलं, पायात वहाणा, त्यांना पळताना कुणी पाहिलं नव्हतं. बोलायचेही फार कमी. शेकडो साच्यांच्या खडखडाटात ओरडून उपयोग नसतो, त्यामुळं साचा खात्यातली माणसं खुणांनीच बोलतात. सूत तुटलं, धोटा अडकला, साहेब आला, चहाला चल, सगळ्याला खुणा. अण्णांना ती सवय इतकी लागली होती की शांत मैदानावरही ते हातानंच बोलत. तळहात खाली केला की मागं या, दोन बोटं फिरवली की जागा बदला, कानाची पाळी धरली की त्या खेळाडूला आज काही खरं नाही. आम्हीही सगळे गिरणीवाले. अण्णांच्या प्रत्येक हालचालीचा अर्थ लावायची आम्हाला खोड लागली होती.

हाफटाइमला अण्णा खिशातून लिंबं काढायचे. खिशातल्याच चाकूनं एकेकाच्या चार फोडी करायचे, पुडीतलं मीठ लावायचे आणि स्वतःच्या हातानं एकेकाला द्यायचे. ही पहिली फोड कुणाला, यावरून आमच्या टीममध्ये माणसाची किंमत ठरायची. अण्णा तसं कधी बोलले नव्हते. पण पहिली फोड म्हणजे आजचा वाघ, हे सगळ्यांनी धरूनच टाकलं होतं. आणि तीन सीझन पहिली फोड मला मिळाली. मी धापा टाकत यायचो, कमरेवर हात ठेवून उभा राहायचो, आणि अण्णांचा हात सरळ माझ्याकडं यायचा. ती फोड मी सगळ्यांना दिसेल अशी चोखायचो. बाकीच्यांची तोंडं कडू व्हायची, आणि मला ते मिठाहून गोड लागायचं.

मग कुर्डुवाडी आला. हे त्याचं गाव, पण आम्ही त्याला त्याच नावानं हाक मारायचो. बाप रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये, हा सोलापुरात मावशीकडं राहून गिरणीत बदलीवर लागलेला. किडकिडीत, डोक्याला तेल चोपडलेलं, आल्या आल्या सगळ्यांना दादा म्हणणारा. मला असली माणसं डोक्यात जातात. त्यातून तो खेळायचा चांगला. चांगला म्हणजे काय, चेंडू त्याच्या पायाला चिकटून बसायचा. हे मी आज लिहितोय, तेव्हा मेलो असतो तरी म्हणालो नसतो.

आल्यापासून दुसऱ्याच मॅचला अण्णांनी माझ्याकडं बघून दोन बोटं फिरवली. मला सेंटर हाफला मागं घेतलं आणि माझ्या जागेवर कुर्डुवाडीला उभं केलं. मला वाटलं, एखाद्या मॅचपुरतं असेल. हाफटाइमला अण्णांनी लिंबू कापलं. मी सवयीनं हात पुढं केला. अण्णांचा हात माझ्या हातावरून पुढं गेला आणि फोड कुर्डुवाडीला मिळाली. माझा हात तसाच हवेत. शेवटी मी त्याच हातानं डोकं खाजवलं.

त्या दिवसापासून माझ्या अंगाचा तिळपापड सुरू झाला. मॅचमागून मॅच पहिली फोड त्याला. मला कधी चौथी, कधी सातवी, एकदा तर लिंबू संपल्यावर नुसतं मीठ. घरी मी भाकरीवर राग काढायचो. आई बरेच दिवस बघत होती, मग एकदा तव्यावरून मान न वळवता म्हणाली, "का रं, आण्णानं तुज्यावर सवत आणली व्हय?" धाकट्या बहिणीला हसू आवरेना. मी ताटावरून उठलो. राग आला तो आई चूक बोलली म्हणून नाही.

सेंटर हाफला मी खेळत होतो, वाईट नव्हतो. चार पावलं मागं उभं राहिल्यामुळं सगळं मैदान दिसायचं, पोरांना ओरडून जागेवर आणता यायचं, आणि पहिल्यासारखी धापही लागायची नाही. पण ज्याला पुढं राहायची सवय झालीय, त्याला मागची जागा म्हणजे पंगतीत खरकट्याशेजारी बसवल्यासारखी. मी वाट बघत होतो की अण्णांना आपली चूक कळेल.

अण्णांना चूक कळली नाही, अकलूजकडचं बोलावणं आलं. तिथल्या एका साखर कारखान्याच्या अध्यक्षांच्या मनात फुटबॉलची टीम काढायचं आलं होतं. राहायला क्वार्टर, खेळाडूंना कारखान्यात काम, आणि कालव्याचं पाणी पाजलेलं मैदान. अण्णांनी गिरणी सोडली. जाताना बरोबर एकच खेळाडू नेला. कोण, ते सांगायला नकोच.

मला म्हणाले, "टीम तू बघ आता." एवढंच. चेंडूचा पंप, शिट्टी आणि बुटांची पेटी माझ्या ताब्यात दिली. पोरांनी मला कॅप्टन, मॅनेजर सगळं म्हणून टाकलं. लोक अभिनंदन करायचे आणि मला वाटायचं, नवरा निघून गेल्यावर बाईच्या हातात घराची किल्ली येते, त्याबद्दल कुणी तिचं अभिनंदन करतं का?

पुढच्याच हिवाळ्यात कारखान्यानं आम्हाला मॅचला बोलावलं. गिरणीच्या ट्रकमधून गेलो. मळीचा वास दोन कोसांवरून यायला लागला, आणि मैदान दिसलं तेव्हा मी तोंड फिरवलं. हिरवंगार गवत. आमची पोरं बूट काढून त्यावर लोळली. कारखान्याच्या टीमला सगळ्यांना एकसारखे मोजे होते. आणि त्यांच्या मधोमध अण्णा, त्याच वहाणा, तेच पोट. मला बघून त्यांनी हात वर केला. मी बुटाची नाडी बांधत होतो, म्हणजे बांधलेलीच सोडून पुन्हा बांधत होतो.

पहिला अर्धा खेळ बरोबरीत गेला. मी कुर्डुवाडीला सोडलं नाही. तो जाईल तिथं मी. त्याला चेंडू घेऊन वळू दिलं नाही, आणि त्याला नाचवून नाचवून दमवलं, हे मला तेव्हा कळलंही नाही. मी फक्त जळत होतो आणि पळत होतो.

हाफटाइमला मी आमच्या पोरांत उभा होतो, पण डोळे पलीकडं. अण्णांनी खिशातून लिंबू काढलं. चाकू काढला. चार फोडी, मीठ. आणि पहिली फोड कुर्डुवाडीला.

मला वाटलं होतं की आता सवय झाली असेल. कसली सवय! माझ्या डोक्यात एकच भरलं, की आज अण्णांच्या डोळ्यांदेखत गोल मारायचा आणि त्या लिंबाची साल त्यांच्या हातात ठेवायची. दुसरा हाफ सुरू झाला आणि मी माझी जागा सोडून पुढं गेलो. आमची पोरं मागून ओरडत होती, मी ऐकलं नाही. दोनदा गोलपर्यंत पोचलो, दोनदा चेंडू बाहेर मारला. तिसऱ्यांदा त्यांच्या बॅकनं चेंडू काढून घेतला आणि लांब टोलवला. मी वळून बघितलं तर माझ्या जागेवर कुणी नव्हतं. त्या रिकाम्या जागेतून कुर्डुवाडी चेंडू घेऊन निघाला. पळतही नव्हता, बाजारात निघाल्यासारखा चालला होता. त्यानं गोल मारला. आम्ही त्या एका गोलनं हरलो.

मॅच संपल्यावर मी सरळ अण्णांकडं गेलो. राम राम नाही, काही नाही.

"अण्णा, माझं काय चुकलं होतं?"

"जागा सोडलीस, लेका. त्यो तर पार दमला व्हता. तू नुसता हुबा ऱ्हायला असतास तरी त्याच्यानं म्होरं जाववलं नसतं."

"दमलेला? पहिली फोड तर त्यालाच दिलीत की."

अण्णा म्हणाले, "दमला व्हता म्हनूनच दिली. ज्याचा दम सुटलाय, त्याला आदी. दुसरं काय असतंय त्यात?"

मी म्हणालो, "आणि मला? तीन वर्षं?"

"तुजा दम लई कच्चा व्हता. हाफटाइमला व्हट पांडरं पडायचं तुजं. वाटायचं, हितंच बसतंय का काय. म्हनून तर मागं घेतला. मागं तू मानसागत खेळाया लागलास. मग तुला कशाला आदी द्यायची? आन तू तितं जागा धरून खेळाय लागलास, म्हनूनच तुज्यावर टीम टाकून जाता आलं मला. न्हायतर गेलो नसतो."

यावर शहाण्या माणसाला बरं वाटलं असतं. मला नाही वाटलं. तीन वर्षं मी ज्याला मुकुट समजून मिरवलं ते दमेकऱ्याचं औषध होतं, आणि अण्णा मला सोडून गेले ते मी चांगला खेळायला लागलो म्हणून! वाईट खेळत राहिलो असतो तर राहिले असते. मी तोंडावर सांगून टाकलं, "मला टीम नको होती अण्णा. मला तुमच्या हातची फोड पाहिजे होती."

अण्णांनी खरंच खिसे चाचपले. लिंबू संपलं होतं. तेवढ्यात पलीकडून कुर्डुवाडीनं हाक मारली, "अण्णा, चला की, फोटो काढायचाय!" अण्णांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, काढला, आणि त्यांच्या पोरांकडं निघून गेले. त्यांच्या म्हणजे तिकडच्या.

त्याच्या पुढच्या रविवारी आमची मॅच होती, आमच्याच मुरमाड मैदानावर. हाफटाइमला मी खिशातून लिंबू काढलं. आमचा राइट बॅक पार वाकला होता, गुडघ्यांवर हात, ओठ पांढरे. मी फोड कापली, मीठ लावलं आणि पहिली त्याला दिली. तो ताठ झाला. आणि शेजारी आमचा गोलकीपर होता. त्यानं तोपर्यंत चार गोल अडवले होते. त्यानं हात थोडा पुढं केला होता, तो हळूच मागं घेऊन पँटला पुसला, आणि राइट बॅकच्या तोंडातल्या फोडीकडं असं काही बघितलं, की ती नजर मी कुठंही ओळखली असती.

त्याला सांगायला हवं होतं. दोन वाक्यांचं काम होतं, तो हसला असता आणि प्रकरण मिटलं असतं. मी तोंड उघडलंही. मग लक्षात आलं, की माझ्या हातातल्या लिंबासाठी कुणीतरी असं जळतंय, आणि ते मला फार बरं वाटतंय. इतकी वर्षं अण्णांनी आम्हाला का सांगितलं नसेल, हेही तेव्हाच कळलं. मी गप्प राहिलो, आणि गोलकीपरला मुद्दाम शेवटची फोड दिली.