सापाला कुणाकडे ठेवू

ऑगस्टमध्ये बाबांचं सहस्रचंद्रदर्शन नाशकात, आणि मी इथे आखातात, अबू हमूरच्या घरात एसी राखत बसलेली. कारण काय, तर साप. हे लोकांना सांगताना मला लाज वाटायची आणि सांगून झालं की राग यायचा.

साप नवऱ्याने आणला. उत्तरेला शमालकडच्या त्याच्या कामाच्या साइटवर लोडरखाली सापडलेला वाळूतला साप, आपल्या मांडुळाच्या जातीचा, बिनविषारी, जबडा मोडलेला. डॉक्टर म्हणाले, जगेल, पण याला शिकार जमणार नाही. नवऱ्याने रीतसर परवानगी काढली. तिच्या अटी अशा: विकायचा नाही, देऊन टाकायचा नाही, परत सोडायचा नाही. मला ते पटलं होतं, आजही पटतं. रानातलं जनावर हौसेने घरात आणू नये, आणि आणावं लागलं तर शेवटपर्यंत निस्तरावं. पण निस्तरायचं कुणी? नवरा शटडाउनला, म्हणजे प्लांट बंद ठेवून करायच्या दुरुस्तीला गेला की महिनाभर तिकडे कॅम्पवरच.

आमच्या शाकाहारी घरात त्याच्या खाण्याच्या गोठवलेल्या उंदरांसाठी वेगळा छोटा फ्रीझर आला. त्यातलं पिल्लू कोमट पाण्यात सैल करायचं आणि मग त्याला पालीचा वास लावायचा, कारण या महाराजांना रानात पालीचीच सवय. त्यासाठी एका मेलेल्या पालीची शेपूट मी डबीत जपून ठेवली आहे. लग्नाआधी मी पाल दिसली तरी खोली सोडायचे.

उन्हाळ्यात इथले सगळे भारतात जातात आणि घराच्या किल्ल्या मागे राहणाऱ्यांकडे देतात. माझ्या कढीपत्त्याला पाणी घालायला चौघी तयार होत्या. साप म्हटल्यावर तिघींना आपापली तिकिटं आठवली. मुंतझा भागात राहणारी मैत्रीण तेवढी हो म्हणाली. मी तिकीट काढलं, बाबांना उपरणं घेतलं, आणि निघायच्या आठवड्यात सापाचं तोंड चिघळलं. रोज डोकं धरून औषध घालायचं. दवाखान्यात ठेवायची सोय होती, पण कुत्र्या-मांजरांची.

मैत्रिणीने एकदा पाहिलं आणि हात जोडले. "एसी बघीन, पाणी ठेवीन. पण तोंडात हात नाही घालणार गं."

नवऱ्याला फोन केला.

"लीव्ह अप्रूव्ह होणारच नाही आत्ता. तू मॅनेज कर ना काहीतरी."

मॅनेज. त्या शब्दावर मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात उभी राहून रडले. मग हात धुऊन औषध घातलं, कारण वेळ झाली होती.

भावाने सोहळा फोनवरून दाखवला. चाळणीतून बाबांवर पाणी पडत होतं, सगळ्या सुना-लेकी भोवती, आणि जो कॅमेऱ्यासमोर येईल तो विचारत होता, "अजून त्या सापापायीच का?" शेवटी फोन बाबांच्या हातात गेला. ओल्या केसांत फुलं अडकलेली होती.

"कसा आहे तुझा साप?"

"उतार पडतोय, बाबा."

"ओळखतो का तुला?"

"नाही हो. साप नाही ओळखत कुणाला."

"मी ओळखतो ना," बाबा म्हणाले. "तरी नाही आलीस."