बाईंचा डावा हात

हिरेमठबाई फळ्यावर नकाशा टांगत नसत. तिसरीला जिल्ह्याचा भूगोल शिकवायचा म्हणजे त्या स्वतःचा डावा हात कोपरापर्यंत फळ्यावर टेकवत आणि उजव्या हातानं त्याच्याभोवती खडू फिरवत. “चार बोटं, चार नद्या. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती. आंगठा मिटलाय, ती सरस्वती, गुप्त हाय. मनगट म्हंजे चिखलीचं प्रयाग, हितनं पंचगंगा. कोपर आलं की नृसिंहवाडी, तिथं कृष्णा भेटती.” मग बांगड्या मागं सारून म्हणत, “आणि हितं आपण.” कोल्हापूर बाईंच्या बांगड्यांखाली आहे, असं मला कितीतरी दिवस वाटत होतं.

बाई मूळच्या गडहिंग्लजकडच्या. रागावल्या की कानडीत सुरू होत, आणि शेजारच्या वर्गातली पोरंसुद्धा गप्प बसत. वर्षातून एकदा त्या आम्हाला नदीपर्यंत चालवत नेत आणि वळणावळणावर विचारत, “हितं पैलं काय होतं?” मैदान दिसलं तरी तळं, मंडई दिसली तरी तळंच. शेवटी आम्ही न बघताच “तळं!” म्हणून ओरडायचो, आणि बाईंनाही हसू यायचं. परत आल्यावर वाटेचा नकाशा काढायचा, नावं शाईनं आणि पाणी निळ्या तेलखडूनं. ते सगळे नकाशे त्या घरी पत्र्याच्या ट्रंकेत ठेवत.

पुढे मी आयटीआय करून एका बिल्डरकडे नकाशे काढायला लागलो. नदीकडच्या उतारावर त्याची इमारत व्हायची होती. मधून जाणारा ओढा भर टाकून बुजवलाच होता, तो नकाशात दाखवू नकोस, असं बिल्डर म्हणाला. मी नाही दाखवला. वर शहाणपणा असा, की बाईंचा मुलगा बसवराज घर शोधत होता, त्याला तळमजल्यावरचा फ्लॅट मीच सुचवला. म्हाताऱ्या आईला जिना नको, म्हणालो.

बाईंनी चष्मा लावून नकाशा पाहिला.

“सुन्या, ओढा कुठं हाय रं?”

“बुजवला, बाई.”

“तू बुजवलास. पाण्याला कळवलंस काय?”

मी हसलो. बसवराजही हसला. मुलाचा हिरमोड नको म्हणून बाई तिथं राहायला गेल्या. त्यांचं मन नव्हतं हे मला दिसत होतं, तरी मी अडवलं नाही.

दोन हजार पाचच्या महापुरात पाणी नदीच्या बाजूनं आलंच नाही. ते मागून आलं, ओढ्याच्या वाटेनं, आणि माळ्यापर्यंत चढलं. बाईंना होडीतून उतरवायला मीच हात दिला. “ट्रंक ऱ्हायली रं,” एवढंच त्या म्हणाल्या.

पाणी ओसरल्यावर बसवराजनं ट्रंक एका नातेवाइकाच्या गच्चीवर आणली. बाई एकेक नकाशा सुटा करून वाळत घालत होत्या. शाईची नावं सगळी धुऊन गेली होती, तेलखडूचं पाणी तेवढं जागच्या जागी होतं. त्यांनी एक कागद माझ्या मांडीवर ठेवला. ठसठशीत निळा, तोच ओढा, त्यात डुंबणारी काळी म्हैस.

“म्हस बघून वळीखला. तुझाच हाय.” मग हळूच म्हणाल्या, “तवा येत हुतं की रं तुला.”

कानडीत चार शिव्या दिल्या असत्या तर मला सोसलं असतं.

त्या ओलीनं धरलेली बाईंची छाती काही सुटली नाही. दिवाळीआधी त्या गेल्या. चुकलो, हा एक शब्द मला त्यांच्यापाशी बोलता आला नाही.

लिंगायतांच्या रिवाजाप्रमाणे त्यांना खड्ड्यात बसवलं होतं, डाव्या तळव्यावर गळ्यातलं इष्टलिंग ठेवून. तोच हात. एकेक जण पुढे होऊन माती लोटत होता. बोटं झाकली, मनगट झाकलं, कोपर झाकलं. बसवराजनं मला पुढं व्हायची खूण केली. मी वाकून मूठभर माती उचलली, पण ती टाकायला माझा हात काही उघडला नाही.