तवा कधी तापवायचा

हातखंब्याला हमरस्त्यावर आमचं चहा-नाश्त्याचं छोटं हॉटेल आहे. गल्ल्यावर नवरा, भटारखान्यात सासूबाई आणि उरलेल्या सगळ्या ठिकाणी मी. मुंबईहून रात्री सुटलेली एक खाजगी बस रोज सकाळी आमच्या दारात थांबते, आणि खरं सांगायचं तर त्या एका बसवर आमचं घर चालतं. गेल्या थंडीत तिचा ड्रायव्हर चहाचा ग्लास खाली ठेवत मला म्हणाला, "वैनी, घावणे झकास, पन वाढायला लय येळ लागतो, पब्लिक अर्धपोटी गाडीत चढतंय. शिमग्यापर्यंत बघतो. नायतर गाडी पुढं नेतो."

नवऱ्याने लगेच हात टेकले. एका टायरवाल्याला आमच्या भटारखान्याची जागा भाड्याने हवीच होती, त्याच्याशी बोलणं सुरू झालं. आपण नुसता चहा आणि बिस्किटं ठेवू, असं नवऱ्याचं म्हणणं. त्या दिवशी सासूबाईंनी भांडी अशी आपटून घासली की शेजारची विचारायला आली. त्या चुलीपाशी त्यांचं अर्धं आयुष्य गेलंय. मला नवऱ्याचा इतका राग आला की दोन दिवस मी त्याच्याशी गिऱ्हाइकाशी बोलतात तेवढंच बोलले.

राग आला की मला स्वस्थ बसवत नाही. बचत गटाच्या प्रशिक्षणाला एक बाई आल्या होत्या. त्यांनी आम्हाला बेंचमार्किंग शिकवलं होतं. आपलं जिथे नेमकं अडतं, तेवढं एक काम सगळ्यात चांगलं कोण करतं ते शोधायचं, जाऊन बघायचं आणि आपलं काम त्याच्याशी ताडून पाहायचं. धंदा वेगळा असला तरी चालेल, असंही त्या म्हणाल्या होत्या, पण ते तेव्हा माझ्या डोक्यावरून गेलं. मी आपली निघाले पुढच्या वळणावरच्या मोठ्या हॉटेलात. तिथे एका वेळी तीन-तीन बस उभ्या असतात आणि वेळेत सुटतात.

तोंडाला ओढणी गुंडाळून मी कोपऱ्यातलं टेबल धरलं. माझी हेरगिरी चहा येईपर्यंत टिकली. चहा घेऊन मालक स्वतःच आला. "वैनी, आधी ओढणी सोडा, चहा कसा पिनार? भटारखाना बघायला आलाव ना? चला, दाखवतो." हातखंब्यात कुणापासून काही लपत नाही हे मला ठाऊक असायला हवं होतं. त्याने सगळं दाखवलं. पहाटेच घावणे करून मोठ्या डब्यात रचून ठेवायचे आणि गाडी आली की नुसते वाढायचे.

आम्हीही तसंच केलं. बस आली, वाढून झालं, सगळं वेळेत. एका आजोबांनी आपल्या ताटलीतलं घावण दोन्ही हातांनी ताणून पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "कालच्या पूजेतलं उरलंय काय हे?" सासूबाईंनी ते ऐकलं. त्यांनी डबा उचलून माळ्यावर टाकला आणि विषय संपला. मला हसू आवरेना, पण आतून धास्तीही बसली, कारण शिमगा जवळ येत चालला होता.

मधे मी बुरोंडीला माहेरी गेले. माझी आई मासे विकते. सकाळी तिच्यासोबत किनाऱ्यावर बसले होते तर तिचा फोन वाजला. होडी रेंजमध्ये आली होती आणि होडीचा म्होरक्या तांडेल सांगत होता, आज बांगडा आहे. झालं, बायका उठल्या. पाट्या कुठे, बर्फ कुठे, निवडायला कोण, सगळं ठरलं. होडी वाळूला लागली तेव्हा कुणीही धावपळ केली नाही. हे मी लहानपणापासून बघत आलेय, पण आपल्या कामाशी ताडून कधी पाहिलं नव्हतं.

आमचं अडत होतं ते इथेच. सासूबाईंचा हात भराभर चालतो. पण माणूस समोर बसल्यावर "किती घालू?" असं विचारायचं आणि मगच तवा चुलीवर ठेवायचा, ही त्यांची घरातली रीत त्यांनी हॉटेलातही सोडली नव्हती. बिडाचा जाड तवा तापेपर्यंत बस थांबण्याचा निम्मा वेळ सरायचा.

परत येऊन मी त्यांना हे सांगितलं, तर त्या भडकल्या. "पाव्हना दिसायच्या आदी तवा तापवू? तो पाव्हना हाय का होडीतला बांगडा?"

मी म्हटलं, "आई, विचारायचंच आहे. फक्त फोनवर विचारायचं."

त्यांनी जरा विचार केला. "मंग मी इचारनार. तू नाय."

मी ड्रायव्हरशी ठरवून घेतलं, आणि दुसऱ्या दिवसापासून संगमेश्वर सुटलं की बसमधला जोडीचा ड्रायव्हर फोन लावून स्पीकर मोठा करू लागला. पेंगुळलेल्या बसमध्ये सासूबाईंचा खणखणीत आवाज घुमायचा, "किती घालू?" आधी लोक दचकले, मग हसले, आणि मग मागच्या सीटवरून ओरडा येऊ लागला, आजी, मला चार. आमच्या अलीकडची निवळी मागे पडल्याचा दुसरा फोन आला की त्या तवा चढवत. माणसं हात धुऊन टेबलाशी येईपर्यंत पहिली ताटली वाफाळत समोर.

शिमग्याच्या आदल्या आठवड्यात ड्रायव्हर म्हणाला, "सनाच्या जादा गाड्या सुटतील ना, त्या पन इथंच लावतो." सासूबाईंनी पदराला हात पुसले आणि मला टायरवाल्याचा नंबर लावायला सांगितला. नवरा गल्ल्यावरून उठून उभा राहिला. त्या फोनमध्ये सगळ्या हॉटेलला ऐकू जाईल अशा बोलल्या, "जागेचा इचार सोडा. माझी सून हाय तवर ही चूल इझत नाय." फोन माझ्या हातात देऊन त्या पुन्हा तव्याकडे वळल्या. माझे डोळे भरून आले. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण असं काही त्या मला कधी बोलल्या नव्हत्या, आणि त्या टायरवाल्याला मात्र सरळ सांगून बसल्या.