अर्ध्या किलोची वाढ

लुफेयो चिसाले वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी टाइप करायला शिकला, तेही दोन बोटांनी. मलावीतल्या झोम्बाच्या डोंगराखाली सार्वजनिक आरोग्याच्या आकडेवारीचं शास्त्र शिकवणारी एक संस्था होती. झांबिया, टांझानिया, मोझांबिकमधली हुशार पोरं तिथं संशोधक व्हायला यायची. गावपातळीवर काम केलेल्या आरोग्यसेवकांसाठी दोन जागा राखलेल्या होत्या, त्यातली एक लुफेयोला मिळाली. वर्गातली पोरं त्याला ‘आगोगो’ म्हणायची, म्हणजे आजोबा. तो हसून घ्यायचा.

त्याआधीची एकोणीस वर्षं त्याने सरोवराकाठच्या म्सेन्जेरे आरोग्य केंद्रात काढली होती. सायकलवरून वस्त्या फिरायच्या, लसी टोचायच्या, विहिरीत क्लोरीन टाकायचं, आणि महिन्यातून एकदा आंब्याच्या फांदीला वजनकाटा टांगून पाच वर्षांखालच्या मुलांची वजनं करायची. वाटेत भेटलेली बाई त्याला मक्याचं आंबूस थोब्वा प्यायला दिल्याशिवाय पुढे जाऊ द्यायची नाही, इतकं त्याचं नाव होतं.

सहा वर्षांपूर्वी सप्टेंबरात काट्याची स्प्रिंग गेली. लुफेयोने जिल्हा कचेरीला दोनदा कळवलं. उत्तर नाही. महिनाअखेरीला त्याने वजनाचे रकाने कोरे ठेवून तक्ता पाठवला, तर तो ‘अपूर्ण’ असा शेरा घेऊन परत आला. मग मुलांना हातांत उचलून त्याने अंदाजाने आकडे लिहिले. पुढच्या महिन्यापासून उचलणंही सोडलं. मागच्या आकड्यात अर्धा किलो मिळवायचा आणि पुढच्या नावावर जायचं. तासाभरात साठ मुलं आटोपायची. एप्रिलमध्ये नवा काटा आला, त्याने नवं रजिस्टर उघडलं आणि जुनं कपाटात टाकलं. त्या सात महिन्यांनी त्याला कधी टोचलं नाही. तो ते चक्क विसरला.

झोम्बाच्या वर्गात सहाव्या आठवड्यात खोटे आकडे ओळखायचा धडा होता. शिकवायला डॉक्टर तियामिके लुंगू होत्या, त्याच्याहून दहा वर्षांनी लहान, बोलायला तिखट. त्यांनी पडद्यावर एक आलेख टाकला.

“हे खरे तक्ते आहेत. गावांची नावं काढलीत, फक्त केंद्राचा क्रमांक ठेवलाय. काय दिसतं?”

जिन्यासारखी सरळ चढत जाणारी रेघ होती.

“प्रत्येक मूल दर महिन्याला बरोबर अर्धा किलो वाढतंय,” टांझानियाची रेहेमा म्हणाली. “जानेवारीतसुद्धा? घरातला मका संपलेला असतो तेव्हा?”

“माझी दोन्ही पोरं पाठवतो तिकडे!” झांबियाचा म्विझा ओरडला. “फुकटात पैलवान होतील.”

वर्ग खदखदून हसला. लुफेयोही हसला, जरा मोठ्यानेच.

“आणि एप्रिलमध्ये सगळी एकदम दोन-तीन किलोंनी रोडावली,” डॉक्टर तियामिके म्हणाल्या. “साथ आली का हो, आगोगो? तुम्ही सांगा, तुम्ही मुरलेले.”

लुफेयो उत्तर द्यायला उठला आणि त्याची नजर पडद्याच्या कोपऱ्यातल्या क्रमांकावर गेली. दोनशे नऊ. एकोणीस वर्षं हाच आकडा त्याने प्रत्येक कागदाच्या डोक्यावर लिहिला होता.

“एप्रिलमध्ये कुणीतरी खरंच वजन केलं असेल,” तो कसाबसा म्हणाला.

“शाब्बास. आता हसू आवरा आणि पुढचं ऐका. त्या डिसेंबर-जानेवारीच्या पावसाळ्यात कचेरीने लहान मुलांसाठी मका-सोयाचं पीठ वाटलं. कुठे वाटायचं ते याच तक्त्यांवरून ठरलं. दोनशे नऊला वगळलं. तिथली मुलं ठणठणीत होती ना!”

लुफेयोला तो जानेवारी आठवला. पीठ आलं नाही म्हणून सहा बायकांना घेऊन तो स्वतः कचेरीवर गेला होता. दारात उभा राहून ओरडला होता, “आमची मुलं तुम्हाला दिसत नाहीत का?” परत येताना बायकांनी वाटभर त्याच्या नावाचं गाणं म्हटलं होतं. कारकुनाने त्या दिवशी कागद पुढे सरकवला होता, “अहो बाम्बो, तुमच्याच केंद्राने लिहिलंय हे.” लुफेयोने तो कागद वाचलाही नव्हता.

“शिक्षा झाली का कुणाला?” रेहेमाने विचारलं.

“केंद्रप्रमुख बाईंची बदली झाली. सही त्यांची होती.”

म्हणजे मायी न्यासुलू. केंद्राच्या मुख्य नर्स. निरोपाला लुफेयोनेच त्यांना कोंबडा दिला होता आणि कचेरीला चार शिव्याही घातल्या होत्या. आता तोंड उघडायची वेळ होती. तो खाली बसला आणि वहीत काहीबाही लिहीत राहिला.

पुढचा महिना त्याहून वाईट गेला. खोटे तक्ते आपोआप हेरणारा प्रोग्रॅम प्रत्येक गटाला लिहायचा होता. लुफेयोला धड टाइप करता येत नव्हतं, पण बसल्या जागी आकडे रचणारा माणूस काय चुकतो हे तो गटाला घडाघडा सांगू लागला. तो कुणाचं वजन कधी घटवत नाही. त्याच्या गावात कुणी गैरहजर नसतं, कुणी आजीकडे गेलेलं नसतं, कुणी मरत नाही. म्विझाने ते सगळं प्रोग्रॅममध्ये घातलं आणि त्यांचा गट पहिला आला.

“आगोगोंना वास येतो हो लबाडीचा!” म्विझाने त्याच्या पाठीवर थाप मारली. डॉक्टर तियामिके म्हणाल्या, मंत्रालयाचे पाहुणे येतील तेव्हा तुम्हीच बोला. लुफेयोने मान हलवली. त्या दिवशी जेवणात मक्याची न्सिमा आणि चाम्बो मासा होता, त्याच्या आवडीचा. त्याने ताट म्विझाकडे सरकवलं.

शनिवारी सकाळी तो मिनीबसने बलाकाला गेला. निवृत्त मायी न्यासुलू अंगणात चटईवर शेंगा सोलत बसल्या होत्या.

“अगं बाई, लुफेयो! म्हातारपणी शाळेत गेलास म्हणे. बस. हात रिकामे ठेवू नकोस, सोल.”

शेंगा सोलता सोलता त्याने सगळं सांगितलं. मायी टोपलीत दाणे टाकत राहिल्या.

“मला माहीत होतं,” शेवटी त्या म्हणाल्या.

“कधीपासून?”

“तिसुंगे आठवते? वेशीपलीकडच्या घरातली, मोठ्या डोळ्यांची? जानेवारीत गेली ती. मी पुरायला गेले होते. आणि फेब्रुवारीच्या तुझ्या तक्त्यात ती अर्धा किलो वाढली होती.”

“मग तुम्ही बोलला का नाहीत, मायी?”

“तक्ता परत आला की मला फोन यायचा. वैताग आला होता. केली सही.” त्यांनी टरफलं झटकली. “माझ्या वाट्याची लाज माझी आहे, ती तू उचलू नकोस. तुझीच भरपूर आहे.”

“मला माफ करा.”

“माझी माफी घेऊन काय करशील? मी काय तिची आई आहे?”

सोमवारी तास सुरू होण्याआधी तो डॉक्टर तियामिकेंसमोर उभा राहिला. “मॅडम, दोनशे नऊ मी आहे.” त्यांना आधी कळलंच नाही. कळल्यावर त्यांनी हातातली फाइल टेबलावर ठेवली.

“मी तुमच्यासमोर त्या आलेखाची थट्टा केली.”

“करण्यासारखीच होती.”

“मला कचेरीला लिहावं लागेल.”

“लिहा. मायी न्यासुलूंवरचा ठपकाही काढायला सांगा.”

वर्गातही त्यानेच सांगितलं, दारापाशी उभं राहून, चार वाक्यांत. त्या दिवसापासून त्याला कुणी आगोगो म्हटलं नाही. सगळे अदबीने ‘मिस्टर चिसाले’ म्हणू लागले आणि ती अदब त्याला चपराकीसारखी लागायची. पाहुण्यांपुढे रेहेमा बोलली. कचेरीने त्याच्या फाइलीत ताकीद घातली, पण अभ्यासक्रम पुरा करू दिला. मायींच्या नावावरचा डाग पुसायला जागाच नाही, असं उत्तर आलं. त्या निवृत्त झाल्या होत्या.

परीक्षा झाल्यावर तो म्सेन्जेरेला गेला. तिसुंगेची आई कसावा वाळत घालत होती. सायकलवरून उतरलेल्या लुफेयोला बघून ती हसली. तिने पाट पुढे केला.

त्याने सांगितलं. आकडे कसे लिहिले ते, पीठ का आलं नाही ते, कचेरीवरचा आरडाओरडा कसा पोकळ होता ते. ती उन्हात उभी राहून ऐकत होती.

“माझ्या पोरीचं किती लिहिलं होतंस?”

“शेवटचं? साडेनऊ.”

“साडेनऊ.” तिने तो आकडा तोंडातल्या तोंडात घोळवला. “उचलायचे तेव्हा कोंबडीएवढी लागायची रे मला. साडेनऊ कधी झालीच नाही ती.”

तो पाटावर बसला नव्हता, उभाच होता. त्याला वाटलं ती ओरडेल, अंगावर धावून येईल. ती कसाव्याचे तुकडे उलटे करू लागली, एकेक करून.

“जा आता,” ती म्हणाली. “माझा मोठा मुलगा येईल. त्याला नको भेटूस.”

लुफेयो आता जिल्हा कचेरीतच काम करतो. केंद्रांकडून येणारे तक्ते तपासतो आणि नव्या आरोग्यसेवकांना शिकवतो. पहिल्या दिवशी पडद्यावर तोच आलेख टाकतो आणि हा माझा आहे म्हणून सांगतो. दर वेळी पोरं आधी हसतात आणि मग वह्यांत डोकी घालतात. सवय होईल असं त्याला वाटलं होतं, ती झाली नाही. म्सेन्जेरेला त्यानंतर त्याचं जाणं झालं नाही. तिथल्या केंद्राची तपासणी निघाली की तो सहकाऱ्याला पाठवतो.

बायकोला, एस्नार्तला, त्याने स्वतःहून काही सांगितलेलं नाही. तिचं माहेर म्सेन्जेरेपासून तासाभराच्या चालीवर आहे. एव्हाना तिच्या कानावर सगळं आलं असणार. ती विचारत नाही, आणि आपण तिच्या न विचारण्याच्या आधाराने जगतो आहोत, हे त्याला पुरतं ठाऊक आहे.